रानजोग्याचा तिसरा प्रश्न

आधीच सांगतो. ह्या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो आणि नियमित हसतो. पांढरी साडी, 'मागे वळून बघू नकोस', सकाळी जाऊन पाहतो तर तिथे घरच नाही... माझी बायको म्हणते, हसायचंच असेल तर वाचता कशाला? तिला मी कधी उत्तर दिलं नाही. ते पुढे लिहिलंय, आणि तीही ते पहिल्यांदाच वाचणार आहे.

मी वाईचा. घाटाजवळ घर, वडील भिक्षुकी करायचे. कौल, मुहूर्त, शांती – ह्या सगळ्याचं स्वयंपाकघर मी लहानपणीच आतून पाहिलं, आणि स्वयंपाकघर पाहिलेल्याला पंगतीचं अप्रूप राहत नाही. पुढे सिव्हिल इंजिनिअर झालो, सगळी नोकरी टेप आणि लेव्हल घेऊन मोजण्यात गेली. जे मोजता येत नाही ते नाही, हा माझा हेका. आता लिहितोय तेही मोजलेलंच आहे. हीच तर पंचाईत आहे.

साल १९७९. सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, होस्टेलवर राहत होतो. खोलीत आम्ही तिघं. मी, इस्लामपूरकडचा अशोक – ह्याचं तोंड झोपेतच काय ते बंद असायचं, आणि दत्ता. दत्ता माण तालुक्यातला, म्हसवडच्या अलीकडच्या एका लहान गावचा. गावाचं नाव लिहीत नाही. शेतकरी घर, वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. दत्ता कमी बोलायचा. आईबद्दल पहिल्याच आठवड्यात कुणी विचारलं तेव्हा "आई न्हाई" एवढंच म्हणाला. आम्ही समजलो, वारली असेल.

त्या वर्षी माझा मावसभाऊ अमेरिकेहून सुट्टीवर आला होता. जाताना माझ्याकडे एक खोका टाकून गेला. आत पातळ पुस्तकं आणि फासे. तिकडच्या पोरांचा नवा खेळ. ह्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो – तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी आलात, समोर गुहा आहे, काय करता? बाकीचे एकेक सोंग घेतात, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, आणि आपण काय करतो ते सांगतात. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवतो. फासेही चमत्कारिक होते, चार तोंडांचे, आठ तोंडांचे आणि एक वीस तोंडांचा. इंग्रजी पुस्तक मीच वाचलं होतं, म्हणून सूत्रधार मी. मला बडबड करायला आवडतं, तेही होतंच.

अशोक योद्धा झाला. दत्ताने पुस्तकातलं एक वेगळंच सोंग उचललं. हा रानात राहणारा जोगी. देवाला नाही, झाडामातीला मानणारा. आम्ही त्याला 'रानजोगी' म्हणायला लागलो. त्याच्याकडे एक मोठा मंत्र होता. उघड्यावर बसून जमिनीला हात लावायचा आणि विचारायचं. आसपासच्या रानात पाणी कुठे, जनावर कुठे, माणूस कुठे – जमिनीला सगळं ठाऊक असतं, ती सांगते. त्याला आम्ही 'धरणीकौल' म्हणायचो. मी नियम केला, एका खेळात एकदाच कौल, आणि प्रश्न तीन.

दत्ता हे सोंग फार मनापासून घ्यायचा. कौल लावायच्या आधी चपला बाजूला काढायचा आणि होस्टेलच्या शहाबादी फरशीवर पंजा टेकवायचा.

अशोक म्हणायचा, "दत्त्या, फरशी हाय ती. तिला काय म्हाईत?"

"खाली माती हायच की," दत्ता म्हणायचा.

आता माझी चूक सांगतो. खेळाला नकाशा लागतो. दर वेळी नवा काढायचा मला कंटाळा. डिसेंबरात आमचा दहा दिवसांचा सर्व्हे कॅम्प झाला होता, आणि तो नेमका दत्ताच्या गावाजवळ लागला होता. (त्या दहा दिवसांत दत्ताने आम्हाला घरी चहालासुद्धा नेलं नाही. आम्ही मागून त्याला पुष्कळ टोमणे मारले.) त्या कॅम्पात काढलेल्या नकाशाच्या शीटचं ट्रेसिंग माझ्याकडे होतं. ओढा, बांध, टेकाडं, सुटी झाडं – सगळं मापात. मी त्यावर वीस उभे आणि वीस आडवे असे चौकोन आखले, कारण फाशाला तोंडं वीस. खेळात कुठलीही जागा ठरवायची तर फासा दोनदा टाकायचा, पहिला आकडा आडवा, दुसरा उभा. टेकाडाला 'राक्षसाचं डोकं' वगैरे नावं दिली आणि झाला नकाशा तयार.

मार्चमधला रविवार होता. मेसमध्ये जेवून आलो आणि दुपारी खेळायला बसलो. गोष्ट अशी होती की एका गावाचं पाणी आटलंय, लोक गाव सोडून चाललेत, रानजोग्याने पाणी दाखवायचं. मी ट्रेसिंग पसरलं. दत्ता बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"गड्या, हे आमचं शिवार हाय," तो म्हणाला.

"होतं. आता राक्षसाचं आहे. कौल लाव."

त्याने पंजा टेकवला. पहिला प्रश्न, पाणी कुठं हाय? मी फासा टाकला. चौदा. पुन्हा टाकला. सहा. मी त्या चौकोनावर बोट ठेवलं. ओढ्याच्या दक्षिणेला एका शेताचा कोपरा होता.

दत्ता म्हणाला, "तिथं न्हाई निघायचं. ते आमचंच रान हाय."

"मग बरंच झालं की!"

"तसं नव्हं. माझा चुलता पाणाड्या हाय. पंचक्रोशीत काठी घिऊन फिरतो, जागा दावतो. पर पाणाड्यानं सोताच्या रानात काठी धरायची न्हाई. बानं पोराला शिकवताना पयली हीच आण घालायची. आपल्यासाठी इचारलं की जमीन काय तरी घेती म्हणत्यात."

अशोक हसला. मीही हसलो. पाणाडी, म्हणजे हातात दुबेळकी काठी धरून जमिनीखालचं पाणी सांगणारी माणसं, मी वाईलाही पाहिली होती. त्यांच्याबद्दलचं माझं मत छापण्यासारखं नाही.

दुसरा प्रश्न – किती खोल? एकोणीस. मी म्हटलं, एकोणीस हात.

तिसऱ्या प्रश्नाला दत्ता थांबला. पंजा फरशीवरच होता. मग खाली बघत अगदी हळू म्हणाला, "हौसा कुठं हाय?"

"कोण हौसा?" मी विचारलं.

"आसंल कुनी राजकन्या," अशोक म्हणाला. "दत्त्याला पोरगी घावली वाटतं!"

"टाक तू," दत्ता म्हणाला.

मी टाकला. चौदा. पुन्हा टाकला. सहा.

चारशे चौकोनांतला तोच चौकोन. अशोक टाळी वाजवून ओरडला. आणि मला, खरं सांगतो, आनंद झाला. सूत्रधाराला असा योग कुठे मिळतो! मी डोळे मिटले, आवाज जड केला आणि जमीन होऊन बोलायला लागलो. काय बोललो ते अशोकने आणि मी नंतर कागदावर उतरवून काढलं, म्हणून नेमकं सांगू शकतो – "ती माझ्या पोटात आहे. उजव्या कुशीवर आहे. डोक्यावर घमेलं आहे. तिने हाक मारली. भावजी, म्हणाली. तीनदा म्हणाली."

हे मला कुठून सुचलं, माहीत नाही. पुस्तकात नव्हतं. मला राजकन्येची गोष्ट करायची होती, आणि राजकन्या कशाला घमेलं घेईल?

डोळे उघडले तर दत्ता उभा होता. त्याचा चेहरा पाहून अशोकही गप्प झाला. दत्ताने चपला घातल्या आणि निघून गेला. संध्याकाळपर्यंत तो कृष्णेच्या काठाला बसून होता.

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं. हौसा त्याच्या आईचं नाव. ती वारली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात ती घरातून गेली. तेव्हा वडील सरहद्दीवर होते आणि दत्ताला मावशीकडे, इस्लामपूरच्या बाजूला ठेवलं होतं. तिकडे ऊस होता, विहिरींना पाणी होतं. तो परत आला तेव्हा आई घरात नव्हती. चुलत्याने, म्हणजे तात्यांनी, सांगितलं की म्हसवडला जाते म्हणून गेली ती आलीच नाही. मग गावात कुणीतरी तिला एस्टीत बसताना पाहिलं. मग कुणीतरी तिच्या शेजारी एक माणूसही पाहिला. सात वर्षं ती गावाच्या तोंडी 'पळालेली' होती, आणि दत्ता पळालेलीचा पोरगा.

मी त्याची माफी मागितली. पाय धरायचे बाकी ठेवले होते. म्हटलं, अरे मी वाटेल ते बरळलो, योगायोग आहे, चारशेत एकदा असं होतंच.

तो म्हणाला, "तू बरळला आसशील. पर मला बघाय पायजे."

"आणि काही नाही निघालं तर?"

"तर ती पळाली. मग मी पुन्यांदा तिचं नाव घ्यायचा न्हाई."

परीक्षा झाल्यावर तो ट्रेसिंग घेऊन गावी गेला. मे महिन्यात वाईला त्याचं पोस्टकार्ड आलं. 'आबांना विहीर काढायची म्हणून सांगितलंय. भावकीतली चार माणसं हाताशी आहेत. चौदा हातांवर आलोय. माती मूळची आहे का भराव आहे, तू येऊन बघ. तुला कळेल.'

पत्र सरळ शुद्ध भाषेत होतं. दत्ता लिहिताना असाच लिहायचा. मी इस्लामपुरातून अशोकला घेतलं, विट्याला गाडी बदलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या रानात पोचलो. माणदेशातलं मे महिन्याचं ऊन कसं असतं ते मी सांगत बसत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

मी खड्ड्यात वाकून पाहिलं. दोन अंगांना मुरूम थरावर थर होता, जसा असायला हवा तसा. मधोमध मात्र सगळी कालवाकालव – काळी माती, मुरूम, दगडगोटे एकमेकांत मिसळलेले. जमीन अशी कधी नसते. माणसाने खणून परत लोटली तरच ती अशी दिसते. इथे आधी एक अरुंद खड्डा होता आणि तो कुणीतरी बुजवला होता, हे पहिल्या वर्षाच्या पोरानेही सांगितलं असतं.

"भराव आहे," मी दत्ताला म्हणालो. त्याने नुसती मान हलवली आणि दोर धरून खाली उतरला.

मी कडा उतरत्या करायला लावल्या, मध्ये टप्पे ठेवायला लावले. भराव कधी ढासळेल सांगता येत नाही. दत्ताचे वडील, आबा, खड्ड्याच्या काठाला ताठ उभे असायचे. पाण्यासाठी खणतोय एवढंच त्यांना माहीत होतं. आणि बांधावर, बोरीच्या सावलीला, तात्या बसलेले असायचे. पन्नाशीचा, हडकुळा माणूस. भावकीतल्या माणसांनी सांगितलं, पहिल्या दिवसापासून ते रोज येऊन बसतात. खणू नका म्हणत नाहीत, खणा म्हणत नाहीत. घरचं जेवण सोडलंय, फक्त पाणी पितात.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं जेवायला गेली. दत्ता तेवढा खाली होता, तो बाहेर यायचाच नाही. आबा काठावरच होते, पण पलीकडच्या अंगाला. तात्यांनी मला हाताने जवळ बोलावलं. अशोकने आदल्या दिवशी होस्टेलातली सगळी हकीकत आबांच्या माघारी भावकीत सांगून टाकली होती. मी म्हटलंच की त्याचं तोंड बंद राहत नाही.

"बस रं पोरा," तात्या म्हणाले. "वाईच्या भटजींचा तू?"

"हो."

"तू म्हनालास म्हनं, हाका मारल्या. किती मारल्या?"

"तात्या, तो खेळ होता हो. मी मनचं बोललो."

"किती?"

"तीन."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "दोन. मला दोनच ऐकाय आल्या."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा उठून जावंसं वाटलं. तरी बसून राहिलो.

"दुष्काळाचं साल," ते सांगायला लागले. माझ्याकडे बघत नव्हते. "दादा तिकडं फौजंत. वैनी रोज दोन कोसांवरनं हंडा आनायची. एक दिवस म्हनाली, भावजी, जगाला पानी दावतासा आन घरच्या रानात न्हाई व्हय? मी म्हनलं, आण हाय वैनी. पर तिचे पाय बघितले मी, फुटल्याले. आन धरली काठी. शिदनाथाच्या पाया पडून धरली. हितंच फिरली ती, ह्याच जागी."

"आणि खणलं?"

"सारं गाव दुष्काळी कामावर खडी फोडाय गेलं हुतं. आमी दोघंच खनायचो. कुनी इचारलं तर मुरूम काडतोय म्हनायचं. वढाय जोर लागतो म्हनून मी वर ऱ्हायचो, ती खाली घमेलं भरायची. त्या दिशी म्हनाली, भावजी, माती वली लागतीया. लय हरकली हुती. आन कड आली, सारी तिच्या अंगावर."

मी विचारलं, "तुम्ही कुणाला बोलावलं का नाही? धावत का नाही गेलात?"

"गेलो आसतो तर पयलं काय इचारलं आसतं? आपल्या रानात काठी धरलीस का म्हनून. माझ्या बानं मेल्यावर बी मला माफ केलं नसतं. जमिनीनं घेतली तिला, माझ्या पायी घेतली, मला आसंच वाटलं. दोन हाका आल्या मातीखालनं. मग न्हाई आली. मी म्हनलं, संपली. आन मी माती लोटली. दीस बुडायच्या आत बुजवून टाकलं."

मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तसे डोळे मी पुन्हा कुणाचे पाहिले नाहीत, आणि पाहायचेही नाहीत.

"तू तीन म्हनतोस. तिसरी कवा मारली तिनं? मी माती लोटत हुतो तवा का रं?"

मी तोंड फिरवलं. आणि मागे पाहिलं तर दत्ता उभा होता, कमरेपर्यंत मातीने भरलेला. दोर धरून कधी वर आला, केव्हापासून ऐकत होता, कळलं नाही. पलीकडून आबाही आले होते. वाटलं आता इथे खून पडतो. तेवढ्यात परत आलेल्या अशोकने तर फावडं उचलून लांब नेऊन ठेवलं.

दत्ताने चुलत्याला हात लावला नाही. एवढंच म्हणाला, "तात्या, तुमी पुरलीसा. तुमीच काडा."

तात्या उठले. पागोटं काढून बोरीखाली ठेवलं आणि खाली उतरले. त्यांनी हत्यार घेतलं नाही. हातांनी माती उकरत राहिले, आम्ही वरून घमेली ओढत राहिलो. जेवून परतलेली माणसं काठाला उभी राहिली आणि मग त्यांनीही दोराला हात लावला. दिवस कलायला आला तेव्हा खालून आवाज आला, "दादा..."

आधी मी उतरलो. उतरू नये असं वाटत होतं, पण मोजायचं होतं. ती उजव्या कुशीवर होती. डोक्यावर घमेलं पालथं होतं, गंजून चाळण झालेलं. मनगटाच्या हाडात दोन काचेच्या बांगड्या शाबूत होत्या. मी टेप सोडला. साडेअठ्ठावीस फूट. हात दीड फुटाचा धरला तर एकोणीस.

पोलीस पाटील आले, दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला, तात्यांनी लपवाछपवी न करता जबाब दिला. पुढे त्यांचं काय झालं ते इथे लिहीत नाही, तो त्या घराचा प्रश्न आहे. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या दिवसाबद्दल. तोवर खड्ड्याच्या तळाला घोटाभर पाणी साठलं होतं. ती ज्यासाठी खणत होती ते पाणी. दत्ताने ते कळशीत भरून आणलं आणि त्याच पाण्याने आईला अंघोळ घातली. हाडांना अंघोळ घालताना पोराचे हात किती जपून फिरत होते! रडलो, एवढं कबूल करतो.

आबा म्हणाले, "सात वर्सं मी हिच्या नावानं पानी सोडलं न्हाई. का, तर जित्ती आसंल. कुटं का आसंना, जित्ती आसंल." कडक माणूस. हे बोलताना ताठच होता.

नवरा जिवंत, म्हणजे ती सवाष्ण. सवाष्णीला ओटी भरून, हळदकुंकू लावून पाठवतात. गावातल्या बायका आल्या – ज्यांनी एस्टी पाहिली होती त्या, आणि शेजारचा माणूस पाहिला होता त्याही. रांगेने आल्या. हिरव्या लुगड्यात बांधलेल्या त्या लहानशा गाठोड्यावर एकेकीने तांदूळ, नारळ, कुंकू ठेवलं. एक म्हातारी तिथेच बसली आणि तोंडात मारून घ्यायला लागली, "हौसाबाई, जीभ झडू दे गं आमची." तिला कुणी उठवलं नाही.

सरणाकडे जाताना दत्ता माझ्याशी बोलला. म्हणाला, "तो कोपरा हाय न्हवं, तिथं सावली पडायची. शाळा सुटल्यावर मी गुरं घिऊन रोज तिथंच बसायचो. आन तिथं बसून तिला आयमाय काडून शिव्या द्यायचो. पाच वर्सं दिल्या."

मी त्याचा हात धरला. दुसरं काय करणार होतो?

आता राहिलं स्पष्टीकरण. सगळी उत्तरं मी स्वतःला देऊन पाहिली आहेत. दत्ताला मनातून संशय असेल आणि त्याच्या चेहऱ्यावरून मी ते ओळखलं असेल? पण तो तेव्हा इस्लामपूरच्या बाजूला होता, आणि खड्ड्यात काय आहे ते तात्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. कॅम्पात सर्व्हे करताना मला जमिनीत काही फरक दिसला असेल? त्या शेतात आमचं मोजणीचं प्लेन टेबल लागलंच नव्हतं, शीट दुसऱ्या तुकडीने काढली होती. फासा सदोष असेल? मी तो नंतर पाचशे वेळा टाकून आकडे लिहून काढले. फासा चांगला आहे. घमेलं, कूस, 'भावजी' – ह्याला तर माझ्याकडे चुकीचंसुद्धा उत्तर नाही. खोका मी त्याच वर्षी मावसभावाला परत पाठवून दिला. मी आजही कौल मानत नाही, मुहूर्त मानत नाही, पाणाड्याही मानत नाही. फक्त ही एक गोष्ट माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दत्ता आता निवृत्त आहे, पुण्याला असतो. वर्षातून एकदा तरी भेटतो. गप्पा होतात, नातवंडांचं बोलणं होतं, जेवण होतं. निघताना तो दर वेळी माझा दंड धरतो आणि एकच विचारतो, "गड्या, खरं सांग. ती तिसरी हाक तू मनानं घातलीस न्हवं?"

मी आयुष्यभर माप खोटं लिहिलं नाही. त्याला मात्र दर वेळी सांगतो, हो रे. मनानेच घातली.